परदेशी गेलेली मुले आणि आजची हुंडणावळ

गेल्या दहा-पंधरा वर्षांत धार व देवास येथील आपल्या सभासदांपैकी अनेकांची मुले-मुली शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी परदेशी गेली आहेत. कोणी जर्मनीत आहे, कोणी कॅनडात, कोणी दुबईत. त्यांच्या फीचा, भाड्याचा आणि विमानाच्या तिकिटाचा हिशेब आपण पै-पैशाने मांडतो. परंतु तो पैसा येथून निघून तेथे त्यांच्या हाती पडेपर्यंत वाटेत किती गळतो, याचे टिपण फार थोड्या घरांत ठेवले जाते. प्रस्तुत लेखकाच्या घरीही ते ठेवले जात नव्हते. ज्या निमित्ताने ठेवू लागलो, ते प्रथम सांगतो.

माझी नात २०२५ च्या मार्च महिन्यात जर्मनीत उच्च शिक्षणासाठी गेली. तेथील बँकेत खाते उघडेपर्यंत हाताशी असावे म्हणून तिच्याजवळ येथील बचत खात्याचे डेबिट कार्ड दिले होते. वसतिगृहातील खोलीत दुसरीही एक मुलगी राहत असल्याने खोलीत फार रोकड ठेवणे तिला धोक्याचे वाटे. म्हणून ती दर तीन-चार दिवसांनी पन्नास युरो काढी. ज्या दुकानात डाळ, पीठ व तूप मिळे, तेथे रोखीशिवाय व्यवहार नसे. आणि यंत्र वसतिगृहाच्या दारातच होते. सात आठवड्यांत तिने चौदा वेळा पैसे काढले. महिनाअखेरीस पैसे पुरत नाहीत म्हणून तिने दुपारचे जेवण सोडल्याचे तिच्या आईला कळले, तेव्हा मी बँकेचे उतारे मागवून चष्मा लावून बसलो. मुलीने उधळपट्टी एका पैशाची केली नव्हती. तिच्या काटकसरीनेच तिचा घात केला होता.

तो हिशेब कसा, ते पाहू. सोपे पडावे म्हणून युरोचा भाव ९० रुपये धरला आहे. पन्नास युरोचे मूळ मूल्य ४,५०० रुपये. ज्याच्या मालकीचे यंत्र, त्याने आपले शुल्क पाच युरो घेतले. म्हणजे खात्यावर पंचावन्न युरो, अर्थात ४,९५० रुपये पडले. त्यावर आपल्या येथील बँकेने परकी चलनाचा ‘मार्कअप’ शेकडा साडेतीनप्रमाणे १७३ रुपये २५ पैसे आकारला. त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, ३१ रुपये १९ पैसे. परदेशी यंत्रातून रोकड काढल्याबद्दल बँकेचे ठरीव शुल्क १२५ रुपये, आणि त्यावरही जीएसटी २२ रुपये ५० पैसे. सर्व मिळून सुमारे ८०२ रुपये. साडेचार हजारांवर आठशे दोन, म्हणजे शेकडा जवळजवळ अठरा. जुन्या भाषेत सांगावयाचे तर रुपयामागे सुमारे तीन आणे. चौदा वेळांचे अकरा हजार रुपयांहून अधिक झाले. ज्या देवासात १९७४ पासून बँक नोट प्रेसमध्ये देशाच्या नोटा छापल्या जातात, त्या गावच्या मुलीला नोट हाती घेण्यासाठी रुपयाला तीन आणे मोजावे लागावेत, हा योग चमत्कारिक खराच.

आता हेच पैसे तिने एकदम चारशे युरो काढले असते तर? यंत्राचे पाच युरो व बँकेचे १४७ रुपये ५० पैसे एकदाच लागले असते. मार्कअप व त्यावरील कर धरून एकूण खर्च सुमारे २,१०३ रुपये, म्हणजे शेकडा सहाहून थोडा कमी. पन्नासच्या आठ फेऱ्यांना हाच खर्च सुमारे ६,४१५ रुपये येतो. यावरून ध्यानात येईल की, या शुल्कांच्या दोन जाती आहेत. एक दर खेपेला ठरीव लागते, दुसरे रकमेच्या प्रमाणात. पहिले कमी खेपांनी टळते. दुसरे खेपा कमी करून टळत नाही, त्यासाठी मार्गच बदलावा लागतो.

आपल्या वाडवडिलांना यात नवीन असे काही वाटले नसते. माळव्यात एके काळी रुपया म्हणजे एकच नाणे नव्हते. प्रतापगडच्या टांकसाळीचा सालिमशाही वेगळा, इंदूर-उज्जैनचा हाळी वेगळा, इंग्रजांचा कलदार वेगळा, आणि प्रत्येकाचा बट्टा निराळा. तांब्याची नाणी तर धार संस्थानने १८८७ साली व देवासच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन्ही पात्यांनी १८८८ साली आपापल्या नावांनी काढली. एकाच गावात दोन राजे व दोन नाणी! अशा मुलखात व्यापार करणारा माणूस नाण्याचे नाव ऐकल्याबरोबर बट्टा विचारी. दूरच्या गावी रक्कम पोहोचवावयाची तर हुंडी होती: दर्शनी, मुदती, शहाजोग, धनीजोग. पेशवाईत माळव्याचा वसूल पुण्यास जाई तो पुष्कळदा सावकारांच्या हुंड्यांनीच. या कामाबद्दल सराफ जी हुंडणावळ घेई, ती शेकड्याची बोली असे आणि हुंडी लिहिण्यापूर्वीच ठरे. मुंबईवरच्या हुंडीला मागणी अधिक असेल त्या दिवसांत भाव चढे, कमी असेल तेव्हा उतरे. परंतु भाव काय आहे हे देणारा व घेणारा दोघांनाही ठाऊक असे.

आजची हुंडणावळ त्या काळाहून फार भारी आहे असे नाही. किंबहुना मोठ्या रकमेवर ती पुष्कळदा हलकीच पडते. अडचण एवढीच की, ती तीन-चार हातांत विभागली गेली आहे, आणि तिच्यातील सर्वांत मोठा भाग ‘शुल्क’ या नावाने उताऱ्यावर येतच नाही. तो भावातच मुरलेला असतो.

परदेशात कार्ड वापरले म्हणजे तीन हात मध्ये येतात. पहिला त्या यंत्राच्या किंवा दुकानाच्या बँकेचा. दुसरा वीसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारख्या जाळ्याचा, जो त्या दिवसाचा युरो-रुपयाचा भाव लावतो. हा भाव सामान्यतः घाऊक बाजाराच्या जवळपास असतो. तिसरा आपल्या येथील बँकेचा, जी त्या भावावर आपला मार्कअप चढवते. मार्कअप पुष्कळ बँकांत शेकडा दोन ते साडेतीन असतो, व त्यावर जीएसटी. म्हणजे साडेतीनाचे चार रुपये तेरा पैसे होतात. काही बँका आता मार्कअप न घेणारी कार्डे देतात. मूल जाण्यापूर्वी असे एक कार्ड मिळवणे हा सर्वांत सोपा उपाय होय. मात्र त्याने यंत्रमालकाचे पाच युरो टळत नाहीत, हे विसरू नये.

याहून मोठा फसवा हात चौथा आहे, आणि तो आपणच आत बोलावतो. यंत्र किंवा दुकानातील उपकरण भारतीय कार्ड ओळखून मोठ्या आदबीने विचारते की, रक्कम युरोत घ्यावी की रुपयांत? रुपयांत आकडा दिसला की आपल्या मुलांना हायसे वाटते. घरचे नाणे, डोक्यात गुणाकार नको. पण तो रुपयाचा भाव यंत्रवाल्याने स्वतः ठरवलेला असतो. ९० च्या युरोला तो ९७ लावील तर चारशे युरोवर २,८०० रुपये तेथेच गेले. या प्रकाराला ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ असे नाव आहे. शिवाय, रुपयांत झालेल्या व्यवहारावर मार्कअप नसेल असे समजावे, तर काही भारतीय बँका अशाही व्यवहारावर आपले शुल्क लावतात. युरोपीय संघाने २०१९ साली नियम करून, हा भाव युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ-भावापेक्षा शेकडा किती अधिक आहे हे ग्राहकास दाखवणे एप्रिल २०२० पासून सक्तीचे केले. ते तेथे बारीक अक्षरांत दिसते. तरुण डोळ्यांनी ते वाचावे. मुलांना एकच वाक्य पाठ करून पाठवावे: ज्या देशात उभे आहोत त्या देशाच्याच नाण्यात पैसे द्यावयाचे. उपकरण दुकानदाराच्या हाती असेल तर त्याने आपल्या वतीने बटण दाबण्यापूर्वीच हे सांगावे लागते.

क्रेडिट कार्डावर रोकड काढू नये. खरेदीवर मिळते ती बिनव्याजी मुदत रोकडीला मिळत नाही. व्याज त्या दिवसापासून सुरू होते, आणि रोकड काढण्याचे शुल्क वेगळे.

फॉरेक्स कार्ड, म्हणजे आगाऊ परकी चलन भरून दिलेले कार्ड, पहिल्या एक-दोन महिन्यांसाठी चांगले. युरो भरताना जो भाव लागला तोच कायम राहतो, पुढे रुपया घसरला तरी चिंता नाही. पण जर्मनीसाठी भरलेले कार्ड स्वित्झर्लंडच्या सहलीत फ्रँकमध्ये चालवले की परत अदलाबदलीचे शुल्क लागते. यंत्रातून रोकड काढण्याचेही बहुधा लागते. उरलेली रक्कम परत रुपयांत करताना बँकेचा खरेदीचा भाव मिळतो, तो विक्रीच्या भावापेक्षा कमी असतो. म्हणून गरजेपुरतेच भरावे. येथून निघताना एक खेपेला तीन हजार डॉलरपर्यंत परकी नोटा जवळ नेता येतात. पण मुलांच्या खिशात इतके देण्याचे धैर्य कोणत्याही आजीला होईल असे वाटत नाही. पहिल्या आठवड्यास पुरतील एवढे दोन-तीनशे युरो पुरेत.

खरा उपाय मात्र तेथील बँकेत खाते हाच. जर्मनीत जाणाऱ्या विद्यार्थ्यास व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये वर्षाचा खर्च आधीच भरून दाखवावा लागतो, सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, आणि त्यातून दरमहा ९९२ युरो मोकळे होतात. हे पैसे विद्यार्थ्याच्या चालू खात्यात पडतात. तेथील श्पारकासे बँकांच्या खातेदारास त्या गटाच्या बहुतेक यंत्रांवर, आणि डॉइचे बँक, कॉमर्त्सबँक, हिपोफेराइन्सबँक व पोस्टबँक यांच्या खातेदारास या चौघींच्या यंत्रांवर, वेगळे शुल्क न देता पैसे काढता येतात. अनेक किराणा दुकानांतही खरेदीच्या वेळी गल्ल्यावर रोकड मिळते. युरोपीय संघाच्या कायद्यानुसार २०१६ पासून जर्मनीत कायदेशीर रहिवाशास साधे खाते मिळण्याचा हक्क आहे; प्रत्यक्षात मात्र पुष्कळ बँका नगर-कार्यालयातील पत्त्याची नोंद मागतात, आणि घर मिळून ती नोंद होण्यासच वेळ लागतो. माझ्या नातीचे जे अकरा हजार गेले, ते या वाट पाहण्याच्या सात आठवड्यांतच गेले. तेव्हा पोहोचल्यानंतरचे पहिले काम नोंदणी, दुसरे खाते, तिसरे सर्व काही.

इतर देशांत तपशील वेगळा, तत्त्व हेच. ब्रिटनमध्ये बहुतांश यंत्रे तेथील कार्डावर शुल्क घेत नाहीत. ऑस्ट्रेलियात चार मोठ्या बँकांनी २०१७ साली दुसऱ्या बँकांच्या खातेदारांवरील शुल्क काढून टाकले. अमेरिकेत मात्र आपल्या बँकेचे यंत्र सोडून दुसरीकडे गेल्यास दोन्हीकडून शुल्क लागण्याचा संभव आहे. तेथे खाते उघडतानाच वसतिगृहाजवळ कोणत्या बँकेचे यंत्र आहे ते पाहावे.

आता येथून मोठी रक्कम पाठवण्याचा विषय. रिझर्व्ह बँकेची ‘लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम’ २००४ साली वर्षाला पंचवीस हजार डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली. आज ती मर्यादा दरडोई, दर आर्थिक वर्षी अडीच लाख डॉलर आहे. तेव्हा मर्यादेची अडचण आपल्यापैकी फार थोड्यांना यावी. अडचण भावाची आहे. बँकेत गेल्यावर आपण विचारतो, ‘चार्ज किती?’ उत्तर मिळते, हजार-बाराशे. आपण समाधानाने सही करतो. परंतु ११,९०४ युरो पाठवताना भावात एका रुपयाचा फरक म्हणजे ११,९०४ रुपयांचा फरक होय. सोयाबीनच्या क्विंटलमागे पाच रुपयांसाठी मंडीत अर्धा तास घालवणारे आपण, येथे भाव विचारीतही नाही! फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था डॉलर, युरो, पौंड व येन यांचे संदर्भ-भाव कामकाजाच्या दर दिवशी जाहीर करते. तो आकडा कागदावर लिहून न्यावा आणि बँकेला विचारावे, ‘आपला भाव यापेक्षा किती वर?’ दोन बँकांना विचारावे. रक्कम मोठी असेल तर शाखाधिकारी भाव कमी करून देऊ शकतात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. पण मागितल्याशिवाय देत नाहीत, हाही अनुभवच.

चलन बदलण्यावर जीएसटी लागतो, तो संपूर्ण रकमेवर नसून कायद्याने ठरवलेल्या लहानशा मूल्यावर असतो. वरील रक्कम ९० च्या भावाने १०,७१,३६० रुपये होते. त्यावरील कर सुमारे १,००३ रुपये. याची भीती बाळगण्याचे कारण नाही. मूळस्थानी गोळा होणारा कर, ज्याला टीसीएस म्हणतात, तो तर शुल्क नव्हेच. एप्रिल २०२५ पासून तो वर्षाच्या दहा लाखांपुढील रकमेवर लागू होतो, मान्यताप्राप्त संस्थेच्या शिक्षण-कर्जातून पाठवलेल्या पैशावर लागत नाही, आणि कापला गेला तरी आयकराच्या विवरणात वळता करून घेता येतो. तो ज्याच्या पॅनवर कापला त्याच्याच विवरणात मिळतो. म्हणून पैसे कोणाच्या खात्यातून पाठवावयाचे, ते मुनिमांस व कर-सल्लागारांस आधी विचारून ठरवावे.

आणखी एक सूक्ष्म गळती आहे. आपल्या बँकेचे त्या परदेशी बँकेत खाते नसेल तर रक्कम मधल्या एखाद्या बँकेतून जाते, आणि ती मधली बँक आपला खर्च मूळ रकमेतून कापून घेते. येथून तीन हजार युरो निघतात, विद्यापीठाच्या खात्यात दोन हजार नऊशे पंच्याऐंशी पडतात, आणि मुलाला पत्र येते की फी अपुरी आहे. अर्जात एक रकाना असतो: सर्व खर्च पाठवणाऱ्याचा, वाटून, की घेणाऱ्याचा. फी पाठवताना तेथे ‘सर्व खर्च पाठवणाऱ्याचा’ असेच लिहावे.

या ठिकाणी एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. हे सर्व शुल्क ऐकून कोणी हितचिंतक कानात सांगतो की, येथे रोख द्या, तेथे मुलाच्या हाती युरो मिळतील, भावही चांगला. हा हवाला होय. हुंडीशी त्याचे नाते सांगितले जाते, पण तो १९९९ च्या परकी चलन व्यवस्थापन कायद्याचा भंग ठरतो व रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय, त्या मुलाच्या हाती पडलेले युरो कोठून आले हे त्यास तेथे सांगता येत नाही, आणि व्हिसाच्या नूतनीकरणाच्या वेळी प्रश्न त्याला विचारला जातो, आपल्याला नव्हे. शेकडा दोन वाचवण्यासाठी मुलाचा परवाना पणास लावावा, असे मला वाटत नाही.

मूल नोकरीस लागून परदेशातच राहू लागले म्हणजे येथील साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. तेथील कमाई येथे आणावयाची तर एनआरई खाते उघडावे. त्या खात्यातून पैसा परत बाहेर नेण्यास आडकाठी नसते. यूपीआयचा उपयोगही हळूहळू वाढत आहे: सिंगापूरशी फेब्रुवारी २०२३ पासून जोडणी झाली, श्रीलंका व मॉरिशस येथे फेब्रुवारी २०२४ पासून. पण त्या भरवशावर मुलाला युरोपात पाठवू नये.

जाण्यापूर्वीची दोन कामे राहिली. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे नवे कार्ड प्रथम फक्त देशातच चालते. परदेशी वापर आपण होऊन सुरू करावा लागतो. तो येथेच सुरू करावा, कारण बँकेचा सांकेतिक क्रमांक भारतीय मोबाइलवर येतो. आणि कार्ड एक नव्हे, दोन भिन्न बँकांची द्यावीत, ती वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावीत. हुंडी वाटेत गहाळ झाली तर पेठ, तीही गहाळ झाली तर परपेठ लिहून देत, त्यातलाच हा प्रकार.

परत येताना ब्लॉक्ड अकाउंटमधील शिल्लक रिकामी करून तेथील खाते बंद करावे, नाहीतर मासिक शुल्क चालूच राहते. परकी नोटा उरल्या तर दोन हजार डॉलरपर्यंत मूल्याच्या जवळ ठेवता येतात. त्याहून अधिक असतील तर १८० दिवसांच्या आत बँकेत देऊन रुपये करून घ्यावे लागतात. नाण्यांना मात्र कायद्याने मर्यादा घातलेली नाही, आणि येथे ती कोणी बदलूनही देत नाही. ती तिकडेच किराण्याच्या दुकानात खर्चून यावी. माझी नात सुटीत आली तेव्हा अशी दोन मुठी नाणी घेऊन आली होती. ती डब्यात ठेवून, जाताना तिच्याबरोबर परत पाठवली.